घटाचं धान

"सोड ते पोतं! सोड म्हणते ना, द्वारके! पिल्लांसंगं तुलाही मरायचंय का?"

कौतिकमावशी सहा महिन्यांनी माझ्याशी बोलली ती अशी. तेही माझ्या कोंबड्यांच्या शेडच्या दारात उभी राहून, नाकाला पदर लावून. मी आत होते. चारी बाजूंनी पोती बांधून वाऱ्याला फट म्हणून ठेवली नव्हती. मधोमध दोन घमेली भरून कोळसे पेटवले होते आणि शेवटचं पोतं दाराला अडकवत होते. डोकं जड झालं होतं, पण मला वाटलं, गारठ्यानं असेल.

मावशीनं ते पोतं हिसकून काढलं, माझा दंड धरला आणि मला बाहेर ओढून अंगणात गारांच्या खचावर बसवलं. बाई साठीची, अंगावर मूठभर मांस नाही. एवढा जोर तिच्यात कुठून आला, देव जाणे!

"अगं बये, कोळसा कोंडलास ना! त्याचा जहरी धूर काय डोळ्याला दिसतो होय? नुसता झोपवतो. बाळंतिणीला शेक देतात तेव्हासुद्धा खिडकी किलकिली ठेवतात. एवढी अक्कल नाही तुला?"

मी काही बोलायच्या आत मला भडभडून ओकारी झाली. मावशी तोवर आत शिरली होती. नवरात्राची अनवाणी, गळ्यात तुळशीची माळ, आणि कोंबड्यांच्या विष्ठेतून तरातरा चालत एकेक घमेलं ओढून तिनं बाहेर काढलं. मी डोळे फाडून बघत राहिले. ही तीच बाई होती, जिच्या तुळशीला माझ्या कोंबड्यांचा वारासुद्धा चालत नव्हता.

आता मागचं थोडं सांगायला हवं.

आमचं गाव सिन्नरच्या अलीकडं, उघड्या माळावर. मी त्या वर्षी होळीच्या आसपास सासर सोडून भावाकडं आले होते. नवरा हात उचलायचा. शेवटच्या खेपेला त्यानं तापलेलं उलथनं लावलं, त्याचा डाग अजून माझ्या उजव्या हातावर आहे. आईबाप नव्हते. भाऊ पोपटदादा. तो वाईट नव्हता हो, भित्रा होता. लोक काय म्हणतील, या एका काळजीनं त्याचे केस पिकले. मी पाटल्या मोडून गोठ्याशेजारी पत्र्याची शेड उभी केली, तेव्हा गावानं त्याला सोडला नाही. "पोपटाची बहीण कोंबड्या पाळणार," म्हणून चावडीवर हसून हसून लोकांची पोटं दुखली.

शेजारच्या कौतिकमावशीनं तर बोलणंच टाकलं. कट्टर माळकरी. तिच्या उंबऱ्याच्या आत अंड्याचं टरफल कधी आलं नव्हतं. शेड उभी राहिली त्या दिवसापासून तिला मला काही सांगायचं असलं, की ती तिच्या गायीला सांगायची. "कपिले, लोकांनी लाज सोडली गं! कपिले, आता आपल्या तुळशीपाशी कोंबड्या बांग देणार!" गाय बिचारी रवंथ करत ऐकायची आणि मी इकडं पाटी घासताना ऐकायची.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी माझी पहिली खेप आली. एका दिवसाची पाचशे पिल्लं. खोकी उघडली आणि सगळी शेड चिवचिवली. पोपटदादा दारात उभा राहून म्हणाला, "द्वारके, नीट ऐक. दिवाळीला तुझे मामंजी न्यायला येणारेत. निरोप आलाय. ही पिल्लं जगली, तुझ्यानं हे झेपतंय असं दिसलं, तर मी त्यांना सांगेन, नाही पाठवत म्हणून. पण ही मेली, तर मी कोणत्या तोंडानं सांगू? मग गुमान गाडीत बसायचं."

"बसेन," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

म्हणून ती पिल्लं म्हणजे माझा जीव होता. आठवडाभर मी शेडमध्येच राहिले म्हणा ना. पत्र्याच्या टोपाखाली बल्ब लावलेले, त्या उबेत ती गोल करून बसायची. एक मेलं नव्हतं.

आणि मग सहाव्या माळेला दुपारी आभाळ फाटलं. परतीचा पाऊस तसा दर वर्षी झोडपून जातो, त्याचं काही नाही. पण त्या वर्षी पावसाआधी गार वारा सुटला, मग लिंबाएवढ्या गारा. पत्र्यावर असा धडधडाट, की माझं ओरडणं मलाच ऐकू येईना. कोपऱ्यातला एक पत्रा उचकटून उडाला, विजेच्या डांबावरच्या तारा तुटल्या, बल्ब गेले. अर्ध्या तासात सगळं थांबलं आणि त्यानंतर जो गारठा पडला, तसा मी आश्विनात कधी बघितला नाही. तोंडातून वाफा निघत होत्या. घटाचे दिवस, शेतात बाजरी उभी, आणि माणसं पौष असल्यासारखी कानाला फडकी बांधून फिरत होती!

पिल्लांना गारठा लागला की ती एकमेकांवर चढतात. उबेसाठी हो. वरची वर राहतात, खालची गुदमरून मरतात. मी आत गेले तर कोपऱ्यात पिवळा ढीग झाला होता. हातानं उपसून वेगळी करावीत, तर पाठ फिरेस्तोवर परत ढीग. म्हणून मी घाबरून ते कोळसे पेटवले, पोती बांधली. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

मावशी दुसरं घमेलं घेऊन बाहेर आली, तेव्हा तिच्या पदरात काहीतरी हलत होतं. ओली झालेली चारपाच पिल्लं होती.

"यांना शेक कुठं द्यायचा?" तिनं विचारलं.

"कुठं देणार, मावशी? पत्रा उडालाय. दादाचं घर पडवीकडनं गळतंय. संपलं माझं."

मी रडत नव्हते. रडायलाही अंगात ऊब लागते. मावशी माझ्याकडं बघत राहिली, मग आपल्या घराकडं बघितलं तिनं. तिचं घर धाब्याचं, हातभर जाडीच्या मातीच्या भिंतींचं. उन्हाळ्यात थंड, थंडीत उबदार. सगळ्या आळीत तेवढं एकच घर कोरडं होतं.

"आण," ती म्हणाली.

"काय आण?"

"माझं तोंड! पिल्लं आण. पाट्या, टोपल्या, जे असंल त्यात भर आणि माझ्या माजघरात आण. हालव पाय!"

तेवढ्यात दादा चिखल तुडवत आला. त्यानं हे ऐकलं आणि जागच्या जागी थिजला. "मावशी, अहो काय बोलताय? घट बसलेत तुमच्या घरात! देवी बसलीय!"

"मला माहिती आहे काय बसलंय माझ्या घरात. तू पाटी उचल."

"गाव काय म्हणेल?"

"गावाला म्हणावं, ये आणि तूही एक पाटी उचल."

दादानं पाटी उचलली. मी सांगते, त्या माणसानं आयुष्यात एवढ्या पटकन कुणाचं ऐकलं नसेल. आम्ही तिघांनी किती खेपा केल्या, आठवत नाही. पाट्या, दुरड्या, मावशीचं धान्य पाखडायचं सूप, माझ्या लुगड्याचा ओचा. गारांवरून पाय घसरत होते. मावशी अनवाणी, पाय लालभडक झालेले, आणि तोंडाचा पट्टा चालूच. "अगं, दाबू नकोस त्याला! ते काय भाकरीचं पीठ आहे? पोपटा, तुझ्या बापानं तरी कधी अशी पाटी धरली होती का?"

माजघरात तिनं भाताचा भुसा पसरला. घरातल्या सगळ्या गोधड्या काढल्या. चुलीत विटा घातल्या, तापल्यावर त्या गोणपाटात गुंडाळून पिल्लांमध्ये ठेवल्या. "ही ऊब घे. हिला धूर नाही, काजळी नाही," मला म्हणाली. ओल्या पिल्लांना आम्ही फडक्यांनी पुसत बसलो. काही हातातच गेली. मी बाजूला ठेवत होते, मावशी ती माझ्या नजरेआड करत होती.

माजघराला लागून तिचं देवघर. तिथं टोपलीत काळी माती, त्यात पेरलेलं धान, वर पाण्याचा घट, आणि सहा दिवसांच्या माळा लोंबत होत्या. धान वीतभर वाढलं होतं. अंधारातलं म्हणून पिवळसर, पण काय दाट! आमच्या आळीत दसऱ्याला सगळे मावशीकडचं धान न्यायचे, टोपीत खोवायचे. तिच्या हाताला येतं तसं कुणाच्याच हाताला येत नाही, असं म्हणायचे. शेजारी नंदादीप. नऊ दिवस तो विझू द्यायचा नाही.

पिल्लं तिकडं जाऊ नयेत म्हणून मावशीनं देवघराच्या दारात शिसवी पाट आडवा लावला. मग ती परत न्हाली, त्या गारठ्यात, गार पाण्यानं. ओल्या केसांनी दिव्यापाशी बसली.

माझं डोकं अजून ठणकत होतं. मी भिंतीला टेकून बसले होते. अंधार पडत आला होता.

"दिवाळीला येणार म्हणे तुझे लोक?" तिनं पाठ न वळवता विचारलं.

"हो. पिल्लं गेली तर जायचं, असं दादा म्हणतो."

"आणि तुला काय वाटतं?"

मला कुणी हे विचारलंच नव्हतं. मी नुसता हात पुढं केला, उलथन्याचा डाग दिव्याच्या उजेडात धरला. मावशीनं मागं वळून बघितलं. मग दिव्याची वात पुढं सारली.

"पड आता," म्हणाली. "धूर डोक्यातनं जायला झोप लागते. मी जागी आहे."

मी पडले ती मेल्यासारखी झोपले. जाग आली ती उजाडल्यावर, चिवचिवाटानं. पिल्लं जगली होती! कुठं जगली होती, ते मी मग बघितलं. शिसवी पाट जमिनीवर आडवा पडला होता. माजघर रिकामं. सगळी पिल्लं देवघरात नंदादीपाभोवती दाटीवाटीनं बसली होती, आणि घटाच्या टोपलीत धानाची एक काडी शिल्लक नव्हती. बोडकी काळी माती. दोन पिल्लं तर टोपलीत घटाला टेकून आरामात बसली होती, हळदीकुंकवाला आल्यासारखी.

मी ओरडले, "मावशी! मावशी, हे काय झालं?"

मावशी भिंतीशी बसली होती. मांडीवर एक पिल्लू. डोळे तांबारलेले.

"दिवा आहे ना?" ती म्हणाली.

दिवा होता.

"मग झालं. पाट पडला असंल."

"अहो, पण देवीचं धान..."

"खाल्लं. बघतेस ना. आता काय पोटातनं काढणार आहेस? ऊठ, झाड तेवढं. मला सातवी माळ घालायचीय."

दसऱ्याला आळीतली माणसं टोप्या घेऊन मावशीच्या दारात आली, आणि रिकाम्या हातानं गेली. "यंदा देवीनंच खाल्लं," एवढंच ती सांगायची. पण गावात काही लपत नाही. मी महिनाभर मान वर केली नाही. माझ्या झोपेनं मावशीच्या घरचा घट मोडला, हे माझ्या मनाला असं लागलं होतं, की वाचलेल्या पिल्लांचा आनंदही मला घेता येईना. आणि वाचली होती बरीच. चारशेच्या वर. तुरेसुद्धा फुटायला लागले होते.

तरी दिवाळीत मामंजी आले, तेव्हा दादाची मान खाली गेली. पाडव्याचा दिवस. मामंजींनी साडी आणली होती, मिठाई आणली होती, गोड बोलत होते. "झालं गेलं विसरा. माणूस आहे, चुकतो. आता तो सुधारलाय." दादा हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभा. मला म्हणाला होता, पिल्लं जगली तर सांगेन. पिल्लं जगली होती, मागं शेडमध्ये कलकलाट करत होती. पण याच्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी म्हणाला, "द्वारके, ते एवढे चालून आलेत..."

मी उठले. पिशवी भरायला आत निघाले. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला दादाचा राग आला नाही, कीवच आली.

"कोण नेतंय हिला?"

कौतिकमावशी मागच्या दारानं, शेडमधून आली होती. लुगड्याला कोंबडीचं पीस चिकटलेलं.

"आम्ही तिच्या सासरचे," मामंजी म्हणाले.

"बरं झालं, भेटलात. तुमच्या सुनेच्या कोंबड्यांनी माझ्या देवीचं धान खाल्लंय. चालू घटातलं. ठाऊक आहे का?"

मामंजी चपापले. दादानं तांब्या खाली ठेवला.

"मी देवीला शब्द दिलाय," मावशी म्हणाली. "ज्या घरच्या पिल्लांनी खाल्लं, त्याच घरची बाई पुढच्या घटाला स्वतःच्या हातानं धान पेरून देईल, याच गावात, याच मातीत. तोवर हिचा पाय गावाबाहेर पडता कामा नये. आता तुम्हाला न्यायचीच असंल तर न्या. मी कोण अडवणार? पण मग देवीचं काय ते तुमच्या उंबऱ्यावर. तुमच्या घरात लहान पोरं असतील ना?"

मामंजींच्या कपाळावर घाम आला. मोठ्या मुलाची दोन पोरं होती घरात. देवीला नाही कोण म्हणणार? ते चहा न घेता उठले. साडी मात्र परत घेऊन गेले, विसरले नाहीत.

पुढच्या नवरात्रात मी मावशीकडं धान पेरलं. चांगलं आलं. दसऱ्याला मामंजींचा निरोप आला, आता येतो म्हणून. मावशीनं उलट निरोप धाडला, "धान पातळ आलंय. देवी समाधानी नाही. पुढच्या वर्षी बघू." त्याच्या पुढच्या वर्षीही पातळच आलं. तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं दुसरं लग्न केलं आणि निरोप थांबले. दादानं त्या वर्षी मला दुसरी शेड बांधून दिली, स्वतः पत्रे चढवले. चावडीवर कुणी हसलं, की आता तोच म्हणायचा, "हसा, हसा! अंडी तिच्याकडनंच नेता ना?"

मावशी मात्र बदलली नाही. शेवटपर्यंत अंड्याला शिवली नाही आणि शेडचा वास येतो म्हणून कपिलेच्या वासराला सांगत राहिली.

ती गेली त्या वर्षीचं नवरात्र. अंथरुणाला खिळली होती. तिचा घट मीच बसवायची. सहाव्या माळेला संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसले होते, पाय चेपत. बाहेर हवेत तसाच गारवा सुटला होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, मला अजून खंत वाटते. मी झोपले नसते, तर त्या दिवशी पाट पडला नसता."

मावशीनं डोळे उघडले. "पडतोय कसला! शिसवी पाट. पिल्लांच्या धक्क्यानं हलायचाही नाही."

माझा हात थांबला.

"विटा निवल्या होत्या," ती म्हणाली. "तुझी पिल्लं दिव्याचा उजेड बघून पाटाला येऊन चिकटली. मागची पुढच्यांना रेटत होती. चेंगरून मेली असती. मीच काढला पाट."

"आणि धान?"

"भुकेली होती गं. एकानं चोच मारली, मग सगळी आली. हाकलायला हात उचलला, तर म्हटलं, असू दे. देवीचं आहे, देवीच्याच लेकरांनी खाल्लं. बसून बघत राहिले. एवढी वर्षं घट बसवले, असं सुख कधी लागलं नव्हतं बघ."

"मग मला का नाही सांगितलं? मी किती रडले!"

मावशीनं आपला पदर बाजूला केला. तिच्या खांद्यापाशी, जुन्या कातडीत, एक गोल डाग होता. इतकी वर्षं तिच्या घरात वावरले, तिला माळ ओढताना बघितलं, मला तो कधी दिसला नव्हता.

"मलाही न्यायला आले होते, दिवाळीतच," ती म्हणाली. "बाप म्हणाला, ऊठ. मी उठले. त्यांना अडवायला माझ्याकडं काही नव्हतं. तुझ्याकडं ते खाल्लेलं धान होतं. मीच खाऊ घातलं, असं सांगितलं असतं तर कुणी घाबरलं असतं का?"

मी तिचा हात धरला आणि ढसाढसा रडले, लहान पोरीसारखी. तिनं मला रडू दिलं. मग देवघराकडं बोट दाखवलं.

"यंदा कसं आलंय गं धान?"

मी वळून बघितलं. दिव्याच्या उजेडात टोपली भरून, वीतभर, दाट, पिवळंधमक उभं होतं.

"पातळच आलंय, मावशी," मी म्हणाले.

"मग राहा अजून एक वर्ष," म्हणाली, आणि डोळे मिटून हसली.